मालक दवाखान्यात गेला आणि रस्सा बदलला

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"माझी खानापूर रोडला मटण खानावळ आहे, 14 वर्षं झाली. 11 टेबलं, 9 माणसं. मंडळी घरी मसाला करते, बाकी सगळं मी बघतो, सकाळी मटण आणण्यापासून रात्री गल्ला मिटेपर्यंत. जानेवारीत ऑपरेशन झालं, त्यात इन्फेक्शन होऊन 12 दिवस बेळगावात दवाखान्यात होतो, मंडळी माझ्याजवळच होती. हॉटेल पोरांच्या हवाली. तीन-चार दिवस बरं चाललं, मग फोन यायला लागले, रस्सा बदललाय, मालक नाहीत वाटतं. परत आलो तर आणलेल्या मटणाच्या मानानं गल्ल्यात 23 हजार कमी, एक सप्लायर (वाढणारा पोरगा) उचल घेऊन पळालेला, खाटकाची बाकी वाढलेली. काउंटरच्या पोरावर माझा संशय आहे. डॉक्टर म्हणतात उभं राहणं कमी करा. मेव्हणा म्हणतोय मी मॅनेजर म्हणून बघतो. मुलगा बेंगळुरात नोकरीला, तो म्हणतो विकून टाका. एक पार्टी बेळगावात दुसरी ब्रांच काढूया म्हणून मागं लागलीय. माझ्याशिवाय हॉटेल चालतच नाही हे आता कळलं. काय करू?"

दादा, तब्येत आता सावरली असेल असं धरून लिहितो, आणि आधीच सांगतो की तुमचं ते शेवटून दुसरं वाक्य मला पटलेलं नाही. तीन-चार दिवस बरं चाललं असं तुम्हीच लिहिलंय की. मालक नाही म्हणून हॉटेल बिघडायचं असतं तर पहिल्याच दिवशी बिघडलं असतं, पाचव्या दिवसाची वाट कशाला बघितली असती? माझा अंदाज सांगू का, घरातनं आलेला मसाल्याचा डबा चार दिवसांत संपला, पाचव्या दिवशी वस्तादानं, म्हणजे तुमच्या आचाऱ्यानं, बाजारातलं पाकीट आणून टाकलं नाहीतर आपल्या मनानं तिखट वाढवलं, आणि गिऱ्हाईक म्हणालं मालक नाहीत वाटतं. मालक नव्हते हे खरंच आहे, पण रस्सा बदलला तो वहिनी तुमच्या उशाशी बसल्या होत्या म्हणून. पत्रात त्यांच्या वाट्याला एक ओळ आलीय आणि बाकी सगळं पान तुमच्या वाट्याला. वस्तादाला एकदा न रागावता विचारून बघा, त्या दिवशी डब्यात मसाला किती होता.

म्हणजे "हॉटेल माझ्यावर अवलंबून आहे" एवढ्या एका वाक्यावर थांबू नका, ते फोडा. चव वहिनींच्या हातात. मटण निवडणं आणि खाटकाशी दर बोलणं तुमच्याकडं. उधारी कुणाची किती ती तुमच्या डोक्यात, गल्ल्याची किल्ली तुमच्या खिशात, बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर, पोरांची भांडणं मिटवायची तुम्ही, आणि गोव्याला निघालेली फॅमिली गाडीतनं उतरली की या या बसा म्हणायचं तेपण तुम्हीच. यातली निम्मी कामं उद्यापासून दुसरं कोणी करू शकतं, काही शिकवावी लागतील, एखादं तुमच्याकडंच राहील, राहू दे की, सगळंच सोडून घरी बसा असं कोण म्हणतंय.

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या हॉटेलांचे हिशोब लिहिणं हा माझा धंदा आहे, त्यामुळं एक गोष्ट बघत आलोय, मालक आजारी पडून उठला की पहिलं काम काय करतो तर सीसीटीव्ही लावतो. मग घरी खाटेवर पडून मोबाईलमध्ये आठ चौकोन बघत बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी फोन, अरे काय करूलालायसा तिकडं, चार नंबरच्या टेबलाला पाणी दिलं नाही अजून. कॅमेरा असावा, मारामारी झाली, काय चोरीला गेलं, तर उपयोगाला येतो. पण रस्सा पातळ झालाय का खारट हे कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि फोनवरनं ओरडा खायची सवय लागली की पोरं स्वतःचं डोकं चालवायचं बंद करतात, मालक बघूलालेत ना, सांगतील. असा मालक घरी असून हॉटेलातच असतो. तुम्ही कॅमेऱ्याचं लिहिलं नाहीय, पण मनात असेलच म्हणून सांगितलं.

सुरुवात मसाल्यापासून करा, आणि आत्ताच करा कारण मिरचीचा सीझन संपत आलाय. वहिनींची रीत मला माहीत नाही, पण आपल्याकडं बहुतेक घरांत ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, तीळ, खसखस, खोबरं, लसूण, खडा मसाला, आणि डंकावरनं कुटून आणायचं, आणि सगळं हाताच्या अंदाजानं. हा हाताचा अंदाज काट्यावर आणायचाय. त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्या पद्धतीनं करू दे, तुम्ही फक्त बाजूला डिजिटल काटा आणि वही घेऊन बसा, त्यांनी ओंजळ भरली की ती ओंजळ आधी काट्यावर आणि मग परातीत. लिहायचं ग्रॅममध्ये. वाटी-चमचा लिहू नका, वाटी दर वर्षी बदलते. भाजायचं मात्र वजनात येत नाही, मिनिटातपण येत नाही कारण गॅस कमी-जास्त असतो, तिथं रंग लागतो, म्हणून खोबरं कुठल्या रंगावर उतरवलं, धणे कुठल्या रंगावर, त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाईटखाली सगळंच पिवळं दिसतं. एका घाण्यावर विश्वास ठेवू नका, दोन-तीन घाणे असे मोजले की कुठं आकडा हलतोय आणि कुठं पक्का आहे ते कळेल. जिथं हलतोय तिथं वहिनींना विचारा, त्या सांगतील, हा लसूण ओला होता म्हणून कमी घातला, असं काहीतरी. तेसुद्धा लिहा. खरी रेसिपी तिथंच असते.

मिरची दर सालाला सारखी येत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. ब्याडगीला 2011 मध्ये जीआय, म्हणजे मूळ भागाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालं म्हणून पोत्यावर ब्याडगी लिहिलेलं सगळंच ब्याडगी होतं असंही नाही. म्हणून यंदाच्या मसाल्यातला अर्धा किलो हवाबंद बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवून द्या, पुढच्या वर्षी नवीन मसाला झाला की एक-एक किलो मटणाचे दोन टोप करा, एकात जुना एकात नवा, आणि कुठला कुठला आहे ते न सांगता वस्ताद, वहिनी आणि एखादं जुनं गिऱ्हाईक यांना चाखायला द्या. फरक कळला तर तिखटाचं प्रमाण तिथंच हलवायचं, हॉटेलात नाही.

आता तुमच्या मनात येणार, सगळं लिहून दिलं तर वस्ताद उद्या समोरच खानावळ काढेल. भीती खरी आहे, असं झालेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. पण वस्तादाला फॉर्म्युला द्यायचाय कुठं? 5 किलो मटणाला लागेल एवढ्या मसाल्याचं एक पाकीट, अशी पाकिटं घरी वजन करून बांधायची, वर तारीख. वस्तादाला एवढंच ठाऊक की 5 किलोला एक पाकीट, मीठ इतकं ग्रॅम, कांदा इतका, पाणी इतकं. पाकिटं कायम तीन आठवड्यांची पुढं शिल्लक पाहिजेत. तेवढी असती तर तुमचे ते 12 दिवस निघून गेले असते आणि रस्सा बदलला म्हणून फोन आले नसते. फॉर्म्युल्याचा कागद मात्र घरातल्या आणखी एका माणसाकडं असू दे, मुलगा बेंगळुरात नोकरी करतोय तर करू दे, मोबाईलमध्ये एक फोटो ठेवायला त्याला काय त्रास आहे. आणि भाजणं-निवडणं वहिनींनी एकटीनं किती वर्षं करायचं, गल्लीतल्या एक-दोन बायका पगारावर हाताशी घ्या, खडा मसाल्याचं तेवढं प्रमाण वहिनींकडं ठेवा.

बेंगळुरूचं एमटीआर हॉटेल 1924 चं आहे. 1975 च्या आणीबाणीत हॉटेलातले दर सरकारनं इतके खाली आणले की त्या क्वालिटीत परवडेना, तेव्हा त्यांनी तयार पिठं आणि मसाले पाकिटात विकायला काढले. त्यांच्यावर वेळच तशी आली होती, पण त्यातनं झालं काय बघा, रवा इडली करायला त्यांच्या आचाऱ्याची गरजच उरली नाही, कोणीपण घरी करतंय. तुम्हाला पाकिटं दुकानात विकायची नाहीत, घरातनं हॉटेलच्या किचनपर्यंत न्यायचीत फक्त.

किचनमध्ये भिंतीवर एक चार्ट लावा, मीठ-पाणी-कांदा-शिट्ट्या वगैरे. पण तो मराठीत लिहून मोकळं होऊ नका. तुमच्याकडं कोण आहे मला माहीत नाही, आपल्या भागात साधारण वस्ताद गोकाक-सौंदत्तीकडचा, कन्नड वाचणारा, सप्लायर पोरं नेपाळ नाहीतर ओडिशाची, आणि भाकरीवाल्या मावशी खानापूर तालुक्यातल्या. बाहेरच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे हा 2024 चा कायदा झाला, आतल्या बोर्डाला कायदा नाही, तिथं वाचणाऱ्याची भाषा घालायची. मी तर म्हणेन फोटो आणि आकडे घाला. ताटात मटणाच्या वाटीचा फोटो, भाताच्या मुदीचा फोटो, रश्श्याची वाटी कुठपर्यंत भरायची त्याचा फोटो. आणि पळी एकच मापाची, दुसरी पळी किचनमधनं घरी घेऊन जा, दोन पळ्या असल्या की दोन मापं होतात.

मापावरनं तुमच्या 23 हजारांकडं येतो. काउंटरच्या पोरावर संशय आहे म्हणता, असेलही त्यानं घेतलं, मी काय त्याची बाजू घेत नाही. पण आधी हा हिशोब बघा. समजा तुमच्या ताटाला साफ केलेलं कच्चं मटण 150 ग्रॅम बसतं. 10 किलो आणलं. बिलावर ताटं गेली 54, म्हणजे 8 किलो 100 ग्रॅम. पोरांच्या जेवणात 600 ग्रॅम. रात्री उरलं 400 ग्रॅम. बेरीज होते 9 किलो 100. मग 900 ग्रॅम कुठं गेलं? ती 6 ताटं झाली, ताट 250 रुपयांचं धरलं तर दिवसाला दीड हजार, 12 दिवसांचे 18 हजार. यात गल्ल्याला कोणी हातही लावायची गरज नाही, मालक नाहीत म्हणून ओळखीच्या टेबलाला दोन फोडी जास्त पडल्या, पळी जरा मोठी भरली, एवढ्यानं होतं. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून करून बघा. वस्तू कमी पडलीय का पैसा कमी पडलाय हे वेगळं कळल्याशिवाय पोरावर आळ घेऊ नका, आळ घेतलेला पोरगा टिकत नाही आणि टिकला तर मग खरंच घेतो.

हा हिशोब रोज लिहायचा. मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, आधी सातवीच्या पोराची वही पुरे: काल उरलेलं, आज आणलेलं, आज रात्री उरलेलं, विकलेली ताटं. फक्त चार मालांचं करा, मटण, चिकन, तेल, तांदूळ, तुमचा जास्त पैसा याच चौघांत फिरतो. कोथिंबिरीचा हिशोब ठेवायला गेलात तर आठ दिवसांत वही बंद पडेल. उरलेलं वस्तादानं तोलायचं, लिहायचं दुसऱ्यानं. आणि उरलेला रस्सा तसाच गॅसवर झाकून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, गरम ठेवायचं तर 60 डिग्रीच्या वर, नाहीतर लवकर थंड करून फ्रीजमध्ये 5 च्या खाली. तुम्ही असता तेव्हा वास घेऊन ठरवत असाल, तुमचं नाक पोरांकडं नाही.

ही वही बसली, दोन-तीन महिने सवय लागली, की मग बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्या, पेटपूजासारखं कुठलंपण. आधी घेऊ नका, वही न लिहिणारा माणूस सॉफ्टवेअरमध्येपण भरत नाही.

गल्ल्याचं. तुम्ही दवाखान्यात असताना खाटकाची बाकी वाढली, कारण पैसे द्यायचा अधिकारच कुणाकडं नव्हता, पोरांनी गल्ल्यातनं चिठ्ठीशिवाय दिले असतील किंवा दिलेच नसतील. दोन गोष्टी करा. एक, हॉटेलच्या नावानं वेगळं करंट अकाउंट, क्यूआर त्याच अकाउंटचा, काउंटरला पैसे जमा झाले की बोलणारी डबी, आणि तो ओटीपीवाला नंबर तुमच्या पर्सनल सिमपासून सोडवून हॉटेलच्या स्वतंत्र सिमवर, ते सिम वहिनींकडं. बँकेत त्यांची सही चालेल अशी व्यवस्था आत्ताच करून ठेवा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बँकेत पळापळ करणारी माणसं मी बघितलीत. दोन, गल्ल्यातनं रोखीनं काहीही बाहेर जाताना चिठ्ठी, अगदी लिंबं आणली तरी. रात्री मोजणारे दोघं, सही दोघांची, फोटो घरी व्हॉट्सअपला. तुम्ही फोटो बघा, फोन करू नका.

2025 च्या जुलैत यूपीआयच्या आकड्यांवरनं कर्नाटकातल्या छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बऱ्याच जणांनी क्यूआर काढून "फक्त कॅश" असं लावलं. तुम्हीपण त्या घोळक्यात असाल तर परत या. रोखीच्या हॉटेलातनं मालकाला पाय काढताच येत नाही, कारण रोख मोजायला शेवटी मालकच लागतो. टॅक्सचं काय ते तुमच्या हिशोबनीसाबरोबर बसून सरळ करा, हॉटेलच्या जेवणाला 5 टक्केच आहे, त्यापायी स्वतःला आयुष्यभर गल्ल्याला बांधून घ्यायचं हे मला तरी महाग वाटतं.

उचल घेऊन पळालेल्या सप्लायरचं जास्त मनाला लावून घेऊ नका, पैसे गेले. पण उचलीचा नियम करा, एका पगाराच्या निम्म्याच्या वर नाही, वस्तादालासुद्धा नाही, आणि वहीत सही घेऊन. वस्तादाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तुमचं ओझं काढून सगळं वस्तादाच्या अंगावर टाकलं तर हॉटेल सुटलं कुठं, मालक बदलला फक्त. सुगीला, गणपतीला, गावच्या लक्ष्मीच्या जत्रेला वस्ताद जाणार म्हणजे जाणार, तो "मालक टेन्शन घेऊ नकासा, दोन दिवसात येतो" म्हणेल आणि आठवड्यानं येईल. म्हणून त्याच्या हाताखालचा एक जण आठवड्यातनं एक दिवस पूर्ण किचन सांभाळेल असं बसवा, मंगळवार धरा, गर्दी कमी असते. त्या दिवशी वस्तादाला सुट्टी, पगारी. आठवड्याची सुट्टी कायद्यानं द्यायचीच असते, ती द्यायला आपली हॉटेलं टाळाटाळ करतात आणि मग पोरं टिकत नाहीत म्हणून रडतात.

पोरांना निर्णय घ्यायचा अधिकार द्या, पण आकडा घालून. गिऱ्हाईक म्हणालं मटण शिजलं नाही तर काउंटरवाला मालकाला न विचारता 300 रुपयांपर्यंत बदलून देईल नाहीतर बिलातनं सोडेल, फक्त वहीत लिहील. आठवड्याला वही बघा. एकाच टेबलाला सारखी सूट जात असेल तर कळतंच. 300 रुपये जातील कधीतरी फुकट, जाऊ दे, त्या बदल्यात तुम्हाला रात्री साडेनऊला फोन येणार नाही.

आणि ते "मालक दिसेनात कुठं" म्हणणारं जुनं गिऱ्हाईक. त्याला तुम्ही नको असता, त्याला आपल्याला कुणीतरी ओळखतंय एवढं पाहिजे असतं. कॅम्पातले रिटायर सुभेदार दर रविवारी येतात, त्यांना पांढरा रस्सा जास्त लागतो आणि कोपऱ्यातलं टेबल, हे तुम्हाला माहीत, काउंटरच्या पोराला नाही. मग सांगा त्याला. तुम्ही हजर असतानाच ओळख करून द्या, हा आता बघतो बरं का सगळं, याला सांगत जा. उधारीची नावंपण डोक्यातनं वहीत उतरवा, आणि उतरवताना लक्षात येईल की निम्म्या लोकांना तुम्ही लाजेखातर उधार देताय. ती बंद करायची चांगली संधी आहे, नवीन माणसाला सांगू दे, मालकांनी उधारी बंद केलीय.

आता हे सगळं जमलं का नाही ते कसं कळणार, तर गैरहजर राहून. आजारी पडून नव्हे, ठरवून. श्रावणात तसंही आपल्याकडं मटणाचं गिऱ्हाईक निम्म्याच्या खाली येतं, त्यात एक आठवडा हॉटेलात जाऊ नका, वहिनींनापण घेऊन कुठंतरी जा. फोन फक्त रात्रीच्या फोटोसाठी. पण श्रावणात पास झालं म्हणून खूश होऊ नका, रिकाम्या हॉटेलात कोणीपण मॅनेजर होतो. खरी परीक्षा डिसेंबरात घ्या, सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावात बंदोबस्ताचे पोलीस, अधिकारी, ड्रायव्हर, आंदोलनवाले, नुसती झुंबड असते, त्यातली थोडी तुमच्या रोडलापण येत असणार, त्यातले दोन दिवस घरी बसा. पुढच्या वर्षी आखाडातला एक रविवार. तो दिवस तुमच्याशिवाय गेला तर मग मी मानेन. गैरहजेरीत जे बिघडेल ते आल्यावर लगेच दुरुस्त करायला धावू नका, आधी लिहा की हे का बिघडलं, पाकीट संपलं होतं, का कुणाला अधिकार नव्हता, का माहीतच नव्हतं. "पोरं कामचुकार आहेत" हे कारण वहीत लिहायचं नाही, त्यावर काही करता येत नाही.

मुलगा विका म्हणतो. दादा, आत्ता विकायला काढलं तर घेणारा काय घेणार, 11 टेबलं, भांडी आणि जागेचं भाडं? मसाला वहिनींच्या हातात, गिऱ्हाईक तुमच्या तोंडाला, हे त्याला मिळणार नाही हे त्याला कळतं, भंगाराच्या भावात मागेल. वर सांगितलेलं सगळं दीड-दोन वर्षं चाललं, रोजची वही दाखवता आली, तर तेच हॉटेल वेगळ्या भावानं जाईल, आणि कदाचित तेव्हा तुम्हाला विकायचंच नसेल. मुलाला हे असं सांगा, त्याला आकड्याची भाषा समजेल.

दुसऱ्या ब्रांचवाल्या पार्टीला नाही म्हणा. आत्ता ब्रांच म्हणजे वहिनींना दुप्पट मसाला आणि तुम्हाला रोज खानापूर रोड-बेळगाव चकरा. पहिलं हॉटेल अख्खा महिना तुमच्याशिवाय चाललं की मग बोला, तोपर्यंत पार्टी थांबत नसेल तर तिला जाऊ दे.

वहिनींचं एक राहिलं. 14 वर्षं त्या हॉटेलचं सगळ्यात महत्त्वाचं काम करतायत आणि कागदावर कुठंच नाहीत. लायसन्स, जीएसटी, जागेचा करार, सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर असणार. भागीदारी फर्म करायची म्हणजे नवीन पॅन, नवीन जीएसटी नंबर, अन्नसुरक्षेचं एफएसएसएआयचं लायसन्स फर्मच्या नावावर, थोडा खर्च आणि धावपळ आहे, पण करा. तोपर्यंत मसाल्याचे पैसे दर महिन्याला त्यांच्या खात्यावर, किलोच्या दरानं. घरच्याच आहेत म्हणून काय झालं. आणि हे सगळं त्यांना पुढं करायचंय का तेपण विचारा, त्यांचेही गुडघे 14 वर्षांनी म्हातारे झालेत, कदाचित त्या म्हणतील मला मसाला नको, गल्ला द्या. तर द्या.

मेव्हणा चालेल. मॅनेजर म्हणजे तुमच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा, असं त्याच्या मनात असेल तर आधीच स्पष्ट करा. पहिले तीन महिने त्याचं काम वही, वजन आणि पाकिटं, वस्तादाबरोबर पहाटे मटण आणायला जायचं, आणि एफएसएसएआयचं फूड सेफ्टी सुपरवायझरचं ट्रेनिंग त्यानं करून यायचं, 25 माणसांमागं असा एक लागतोच, तुमच्याकडं असलं तर ते सर्टिफिकेट बहुतेक तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही नसताना तपासणी आली तर दाखवणार कोण. पगार इतर पोरांसमोर सांगता येईल असा ठरवा, "घरचाच आहे, बघू नंतर" असं काही नको, ते वाक्य नात्यांत फार महागात पडतं. सही त्यालापण, चिठ्ठी त्यालापण, गल्ल्यातनं लिंबाचे पैसे घेतले तरी. याला तो तयार नसेल तर वहिनींना वाईट वाटेल या भीतीनं ठेवून घेऊ नका, वहिनींशीच आधी बोला, भाऊ त्यांचा आहे, तो वही लिहिणारा आहे का नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.